थॉरगिल हाउचा हरवलेला दगड

१

आयझॅक गारबट मेला ही बातमी विल्फ हार्करनं आधी पोलिसाला नाही, एडविन लॉफ्टसला सांगितली. एडविनला पोलिसातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. पण हॅगडेल गावातल्या लोकांचे पाय अडचणीच्या वेळी अजून त्याच्याच दाराकडे वळत.

एडविन तेव्हा भांड्याच्या बुडाला लागलेली लापशी खरवडत होता. त्याची बायको मार्जरी फेब्रुवारीत वारली. तेव्हापासून लापशी रोज करपत होती, आणि तो रोज ती खात होता.

"एडविन, आयझॅक पडलाय रे. हाउवर, गडग्यापाशी," विल्फ दारातूनच म्हणाला. त्याचे बूट ओले होते आणि चेहरा पांढराफटक. "त्याच्या गाई धारेसाठी हंबरत होत्या, थांबेचनात. म्हणून बघायला गेलो."

"जिवंत आहे?"

विल्फनं नकारार्थी मान हलवली.

थॉरगिल हाउ ही काही मोठी टेकडी नव्हे. खालची कुरणं संपतात आणि माळरान सुरू होतं, त्या वेशीवर ती एखाद्या पालथ्या वाडग्यासारखी बसलेली आहे. चढायला दम लागत नाही, पण वर वाऱ्याला आडोसा म्हणून नाही. टेकडीच्या कमरेला दगडावर दगड रचून घातलेला गडगा आहे. गडग्याच्या आत शेतं, बाहेर हेदरच्या झुडपांचं मोकळं रान.

त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की सार्जंट मेटकाफ आणि एडविन दोनदा वाट चुकले. शेवटी विल्फलाच पुढं घातलं. आयझॅक गडग्याच्या बाहेरच्या अंगाला उताणा पडला होता. डोक्याची मागची बाजू फुटलेली. जखमेत करड्या दगडाची बारीक रेती होती.

मेटकाफ गुडघ्यावर बसला, आजूबाजूची झुडपं हातानं बाजूला करत राहिला. "दगडानं मारलंय. पण दगड कुठाय?"

खाली सगळं मऊ गवत आणि हेदर. रक्त लागलेला दगड सोडाच, मुठीएवढा धोंडाही तिथं सुटा पडलेला नव्हता.

"गडग्यावरून पडला असेल," एडविन म्हणाला.

"कसा पडेल? बघा की. एक दगड तरी जागचा हललाय?"

खरंच होतं. डावीकडे उजवीकडे, धुक्यात दिसेल तिथवर, गडगा ताठ उभा होता.

"कुणीतरी मारलं, आणि दगड घेऊन गेलं," मेटकाफ उठत म्हणाला. मग त्यानं एडविनकडे बघायचं टाळलं. "आणि एडविन, ते कुणीतरी तुमच्याच माडीवर राहतं."

२

डोरा स्पिंक तीन वर्षांपूर्वी पोलादाच्या भट्ट्यांच्या शहरातून आली, ती हाउच्या पलीकडच्या शेतावर मेंढ्या राखायला. शहरातली पोर मेंढ्या राखणार म्हटल्यावर अख्खा गाव हसला होता. मार्जरी हसली नाही. तिनं माडीवरची खोली झाडली आणि पोरीला ठेवून घेतलं. आता त्या घरात एडविनशी बोलणारं दुसरं माणूस नव्हतं.

मेटकाफनं तिला आपल्या घराच्या मागच्या खोलीत बसवलं होतं. उद्या दुपारी जिल्ह्याहून इन्स्पेक्टर येणार आणि तिला घेऊन जाणार. एकदा ती तिकडे गेली की या गावातलं कुणी तिच्या बाजूनं बोलायला तिथं जाणार नव्हतं.

"जत्रेत मी आयझॅकला म्हणाले, हो," डोरा म्हणाली. "पुन्हा माझ्या कुत्रीला लाथ मारलीस तर डोकं फोडीन, असं म्हणाले. निम्म्या गावानं ऐकलं. मग काय करू, आता नाही म्हणू?"

"ओरडू नकोस, पोरी."

"ओरडत नाहीये, काका. माझा आवाजच असा आहे. मार्जरीकाकू म्हणायच्या, हिला कारखान्याच्या भोंग्याजवळ जन्म दिलाय." ती हसली.

"काल दुपारी तू हाउवर होतीस?"

"होते. धुकं उतरलं म्हणून मेंढ्या खालच्या अंगाला आणत होते. आयझॅकला पाहिलंच नाही मी. काहीच दिसत नव्हतं. फक्त आवाज आला."

"कसला?"

"दगडावर दगड आपटल्याचा. टक्. मग थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा टक्. बराच वेळ चाललं होतं. मला वाटलं, कुणी गडगा नीट करतंय."

"हे मेटकाफला सांगितलंस?"

"सांगितलं ना. खरं ते सगळं सांगितलं."

बाहेर आल्यावर मेटकाफनं एडविनला बाजूला घेतलं. "ऐकलंत? दगडाचे घाव ऐकले म्हणते. आणि गडगा तर काल कुणी नीट केलेला नाही. मी सगळ्या घरी विचारून आलो. जो तो म्हणतो, आम्ही नाही. मग ती आवाज कुणाचा सांगतेय?" तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्हीच मला शिकवलंत, एडविन. खोटं बोलणारा माणूस खऱ्यातला एक तुकडा सोडून जातो."

एडविनला आपलं शिकवणं पहिल्यांदाच महागात पडलं.

३

तो घरी गेला आणि पाच मिनिटांत पुन्हा बाहेर पडला. घरात बसवत नव्हतं. खुर्चीत बसलं की समोरची खुर्ची दिसे.

आयझॅकचा पुतण्या सेथ गोठ्यात होता. चुलत्याच्या गाईंची धार काढत होता, आणि तोंडात शीळ होती. एडविनला बघून शीळ थांबली.

"या, हवालदार. मला धरायला आलात ना? शेत मला मिळणार, मग मीच मारलं असणार."

"मारलंस का?"

"काल मी बाजारात होतो. तीन कोकरं विकली आणि परत येताना गाडी चिखलात रुतली. ती ओढून काढायला चार जण लागले, चौघंही मला अजून शिव्या देतायत. विचारा त्यांना." सेथनं बादली सरकवली. "आणि एक सांगू? काकाला मारायचं तर गावानं रांग लावली असती. माझ्याशी तो शेतावरून भांडायचा, रखवालदार कॉलशी पक्ष्यांवरून, डोराशी कुत्रीवरून, विल्फशी गडग्यावरून. पाद्रीबुवांशी देवावरून."

"पण रडायला कुणी नाही."

सेथनं गाईच्या पोटाला कपाळ टेकवलं. "त्यानंच मला धार काढायला शिकवलं," तो म्हणाला. "गाईला शिव्या द्यायच्या नाहीत, म्हणायचा. एवढी एकच जागा होती, जिथं तो शिव्या देत नसे."

कॉल हा जहागीरदाराच्या रानकोंबड्यांचा रखवालदार. तो बंदूक पुसत बसला होता आणि एडविनला बसही म्हणाला नाही.

"मी काल माळाच्या दुसऱ्या टोकाला जुनं हेदर जाळत होतो, कोंबड्यांना कोवळे कोंब मिळावेत म्हणून. धूर धुक्यात कुणाला दिसला नसेल, तर त्याला मी काय करू?"

"म्हणजे साक्षीला कुणी नाही."

"कोंबड्या आहेत." तो स्वतःच हसला. मग म्हणाला, "हे बघ लॉफ्टस, मला गारबटला मारायचं असतं तर दगड कशाला लागला असता?" त्यानं बंदूक भिंतीला टेकवली. "आणि गडग्यापाशी मी जात नाही. मागं एकदा उडी मारताना दोन दगड पाडले होते, तर तुमच्या शेतकऱ्यांनी गिरजाघरात माझ्याशी बोलणं टाकलं. माणूस मेला तर चालतं यांना. दगड पडलेला चालत नाही."

एडविन पायऱ्या उतरला आणि मध्येच थांबला. कॉल चिडून बोलला होता, पण बोलला ते खरं होतं. या गावात तसंच होतं.

४

विल्फच्या घरी त्याच्या बायकोनं, नेलीनं, एडविनला जबरदस्तीनं बसवलं. "हाडं दिसायला लागलीत तुझी. मार्जरी वरून बघत असेल तर मलाच बोल लावेल."

भिंतीवरच्या फळीवर चांदीचे पेले ओळीनं ठेवले होते. गडगा घालण्याची जिल्ह्याची शर्यत विल्फनं किती वेळा जिंकली, ते गावात लहान पोरंही सांगत. त्याचा गडगा बघायला लोक लांबून येत. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि शंभर हिवाळे उभा राहील असा.

विल्फ चहा पीत होता. पेला त्यानं दोन्ही तळव्यांच्या मध्ये धरला होता, लहान मूल धरतं तसा. नेलीनं त्याच्या पावाला लोणी लावून दिलं, त्याचा पाइप भरून पेटवूनही दिला.

"नवऱ्याला फार लाडावून ठेवलंयस, नेली," एडविन म्हणाला.

"लाड कसले! हाताला संधिवात. दोन वर्षं झाली, पण कुणाला सांगू देत नाही मेला. आज तर गुंडीसुद्धा लावता येईना."

"नेली," विल्फ म्हणाला. एवढंच म्हणाला, पण ती चुलीकडे वळली.

बाहेर वारा सुटला होता. खिडकीची चौकट खडखडत होती, आणि प्रत्येक खडखडीला विल्फ दाराकडे बघत होता.

"पोरीला सोडतील ना, एडविन?"

"दगड सापडला नाही तर उद्या घेऊन जातील."

"आणि सापडला तर?"

एडविननं मान वर केली. विल्फ पेल्यात बघत होता. पेला हिंदकळून चहा त्याच्या गुडघ्यावर सांडला, तरी त्यानं बोटांनी तो सावरला नाही.

"तू त्याला इतक्या लवकर कसा शोधलास, विल्फ?" एडविननं सहज विचारावं तसं विचारलं. "आम्ही दोघं त्याच धुक्यात दोनदा चुकलो."

"मी हाउवरच जन्म काढलाय," विल्फ म्हणाला.

उत्तर बरोबर होतं. पण एडविन पाव अर्धा टाकून उठला आणि सरळ टेकडीकडे चालू लागला.

५

वाऱ्यानं धुकं फाडून नेलं होतं. आयझॅक पडला होता तिथलं गवत अजून दबलेलं होतं. एडविन तिथं उभा राहून माळाकडे बघू लागला. दहा पावलांवर दलदलीचं काळं पाणी चकाकत होतं. त्यात टाकलेला धोंडा जगबुडीपर्यंत वर यायचा नाही. खून करून दगड लपवायचा, तर हात एकदा वर करायचा आणि टाकायचा. मग तो घेऊन कुणी कुठं जाईल?

कुणी नेलाच नसेल तर?

तो गडग्याकडे वळला. गडग्याच्या बाहेरच्या अंगावर, जिकडून पाऊस येतो तिकडे, प्रत्येक दगडावर दगडफूल चढलं होतं. करडे, पांढरे, कुठं शेवाळी ठिपके. पिढ्यान्‌पिढ्यांचे. एडविन इंचाइंचानं बघत गेला. माथ्यावर उभ्या लावलेल्या दगडांच्या ओळीत एका ठिकाणी तो थांबला.

एकच दगड कोरा होता. नुकत्याच दाढी केलेल्या गालासारखा.

त्यानं दोन्ही हातांनी तो दगड हलवून पाहिला. हलेना. बाजूच्या फटीत चपट्या चिपांच्या पाचरी ठोकलेल्या होत्या, त्याही नीट, एकेक निवडून. खालच्या चार-पाच दगडांना ओली माती लागलेली होती, म्हणजे ते हल्लीच जमिनीवर पडून पुन्हा वर चढले होते. बाकीच्यांची तोंडं जिकडच्या तिकडे बसवलेली होती. हा एकच तोंड फिरवून बसला होता.

एडविन गडग्याच्या आतल्या अंगाला गेला. तिथं त्या दगडाचं जुनं, दगडफुलाचं तोंड होतं. आणि त्या करड्या ठिपक्यांवर एक मोठा ठिपका तपकिरी होता.

तो तिथंच गवतात खाली बसला.

गडगा शाबूत होता, म्हणून सगळे खून म्हणाले. पण गडगा शाबूत नव्हताच. गडगा आधी पडला, त्याच्याबरोबर माणूस पडला, माथ्याचा दगड त्याच्या डोक्यात बसला. नंतर कुणीतरी आलं आणि मेलेल्या माणसाशेजारी उभं राहून गडगा पुन्हा घातला. डोरानं तेच ऐकलं होतं.

कोण घालेल? कॉलला दगड रचता येत नाही. सेथला येतो, पण सेथ चिखलात होता. शिवाय सेथच काय, दुसरं कुणीही इथं हात लावला नसता. हाउभोवती गडगा एकच, पण त्याचे तुकडे घराघरात वाटलेले. दुसऱ्याच्या तुकड्यातला दगड उचलून ठेवणं म्हणजे भर चौकात त्याला आळशी म्हणणं. हॅगडेलमध्ये माणसं वैऱ्याच्या प्रेताला खांदा देतील, पण शेजाऱ्याचा पडलेला दगड उचलणार नाहीत.

तो उठला. थोड्या अंतरावर गडग्यात वरपासून खालपर्यंत उभी शिवण होती, एकाचा तुकडा संपून दुसऱ्याचा सुरू होतो तिथं. शिवणीतल्या दगडावर घराचं नाव कोरलेलं असतं.

एडविननं बोटानं शेवाळ खरवडलं. वाचायची तशी गरज नव्हती. हाउवर इतका सुंदर गडगा दुसऱ्या कुणाचा असणार?

६

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्फ त्याला वाटेतच भेटला. हात कोटाच्या खिशात खुपसून हाउच्या पायथ्याशी उभा होता.

"तू काल वर गेलास. मी पाहिलं," विल्फ म्हणाला.

"हात दाखव, विल्फ."

"संधिवात आहे."

"संधिवातानं सांधे सुजतात. दाखव."

विल्फनं हात बाहेर काढले. बोटांची टोकं सोलवटून लाल झाली होती. करडा दगड कानशीसारखा असतो, आणि गडगा घालणारा हातमोजे घालत नाही. रोज घालणाऱ्याची बोटं घट्टे पडून राठ होतात. दोन वर्षं न घातलेल्याची बोटं मऊ पडतात, मग एका दुपारीत सोलून निघतात.

"जानेवारीत तिथं खिंडार पडलं," विल्फ सांगू लागला. "मी नुसते दगड एकावर एक ठेवले. पाचर नाही, काही नाही. बोटं वळतच नव्हती, एडविन. आयझॅक म्हणाला, विल्फ, तू हे रचलंयस, घातलं नाहीस. मी हसलो. म्हणालो, पेले कुणाच्या घरी आहेत रे? तो दर आठवड्याला म्हणायचा. मी दर आठवड्याला हसायचो."

"आणि परवा?"

"धुक्यात मेंढ्या बघायला वर गेलो. तर खिंडार, आणि हा बाहेर पडलेला. तो चढायला गेला असणार आणि सगळं त्याच्यासकट कोसळलं."

एडविनला पुढचा प्रश्न विचारवत नव्हता. "जिवंत होता?"

"नाही." विल्फनं सरळ त्याच्या डोळ्यात बघितलं. "हात धरला मी त्याचा. हात धरल्यावर कळतं. तुला माहीत आहे."

एडविनला माहीत होतं.

"मग मी त्या खिंडाराकडे बघितलं. मनात आलं, आता अख्खा गाव इथं येणार. हार्करच्या गडग्यानं माणूस मारला, असं म्हणणार. आणि हात चालू लागले रे. ज्या हातांनी गुंडी लागत नाही, ते चालू लागले. इतका चांगला गडगा मी कित्येक वर्षांत घातला नव्हता. एका दगडाला रक्त होतं, तो फिरवला. वाटलं, गडगा धड दिसला की म्हणतील, म्हातारा चक्कर येऊन पडला. खून म्हणतील असं... त्या पोरीला धरतील असं..."

"तिला धरून एक दिवस झाला, विल्फ. तू काल माझ्यासमोर चहा पीत होतास."

"पीत होतो."

"दुपारी इन्स्पेक्टर तिला घेऊन जाईल. मी मेटकाफला दगड दाखवला, तर ते म्हणतील पोरीनंच रचला. आवाज ऐकला असं तीच म्हणाली ना? गडगा घालणारे हात तुझे आहेत, हे तुलाच सांगावं लागेल."

वारा दोघांच्या मधून गेला. विल्फ टेकडीकडे बघत होता, जिथं त्याचा तुकडा बाकीच्यांहून सरळ दिसत होता.

"नेलीला काय सांगू?"

"नेलीनं तुझा पाइप पेटवला. तुला वाटतं तिनं बोटं पाहिली नाहीत?"

विल्फनं हात पुन्हा खिशात घातले. मग सार्जंटच्या घराकडे चालू लागला. एडविन त्याच्या मागे दोन पावलांवर राहिला, त्याला वाटेत थांबायचं झालं तर थांबता यावं म्हणून. विल्फ थांबला नाही.

७

इन्स्पेक्टर आला तो थेट हाउवरच. मेटकाफनं डोरालाही वर आणलं होतं. त्याच्यासमोर विल्फनं स्वतःच्या हातांनी पाचरी काढल्या आणि दगड उतरवला. मग खालचेही उतरवून, कोणता कसा पडला होता ते गवतावर मांडून दाखवलं. सगळा गाव जमला होता. कॉल तेवढा टोपी काढून उभा होता.

"आता कुणी यातल्या एकाही दगडाला हात लावायचा नाही," इन्स्पेक्टर म्हणाला. "उद्या फोटो काढणारा येईल." तो विल्फला जबानी लिहून घ्यायला खाली घेऊन गेला. डोराकडे वळून त्यानं फक्त मान हलवली. ती सुटली होती, आणि तिला तसं शब्दांत सांगायचंही कुणाला सुचलं नाही.

गाव पांगला. एडविननं तिची शाल पुढे केली. "चल, पोरी. घरी चल."

डोरा हलली नाही. ती खिंडाराकडे बघत होती. आतल्या शेतात आयझॅकचा मेंढा मान वर करून उभा होता, आणि बाहेर माळावर तिच्या मेंढ्या चरत होत्या. मेंढ्याला अजून तीन आठवडे माद्यांत सोडायचं नव्हतं. आज तो बाहेर गेला, तर कोकरं भर बर्फात जन्मून मरतील.

"दगडाला हात लावायचा नाही ना?" ती म्हणाली.

"नाही."

"बरं."

ती जाऊन खिंडाराच्या मधोमध उभी राहिली, पाय फाकवून, दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरून. मेंढा चार पावलं पुढे आला आणि थबकला.

"जा मागं!" ती ओरडली. "तुझा धनी ऐकत नव्हता, तू तरी ऐक!"

खाली वाटेवर सेथनं वळून पाहिलं. थोडा वेळ घुटमळला, मग गोठ्याकडे गेला आणि खिंडाराला आडवं लावायला खांद्यावर फाटक घेऊन परत चढू लागला. फाटक जड होतं, यायला त्याला वेळ लागणार होता.

एडविन गडग्याला पाठ टेकवून तिच्याशेजारी उभा राहिला. मेंढा तिच्या एका बाजूनं निसटू लागला, तर ती बाजू त्याला अडवता आली असती. वारा वाढला होता. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच त्याला दुसरीकडे कुठं जायचं नव्हतं.